वंचित स्त्रियांना काम मिळवून देणारी संस्था चालवायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात बरीच वर्षं काढलेल्या एका बाईंना आता वंचित स्त्रियांना काम मिळवून देणाऱ्या संस्थेत जायचं आहे आणि पुढेमागे अशी संस्था स्वतः चालवायची आहे. त्यांनी विचारलंय: समाजकार्याची पदवी नसेल तर चालतं का, सुरुवात कुठल्या पदापासून करावी, पगाराचं काय, आणि संचालक दिवसभर नेमकं करतो काय? मी या क्षेत्रात समुपदेशक म्हणून आले आणि नंतर अशा संस्थांची कार्यकारी संचालक झाले. त्या अनुभवावरून जमेल तितकं सविस्तर लिहिते.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीची उत्तरं त्याच्यावर अवलंबून आहेत.

अशा संस्थेच्या प्रमुखाला तीन बाजू सांभाळाव्या लागतात: संस्थेत येणाऱ्या स्त्रिया, त्यांना कामावर घेणारे मालक आणि पैसे देणारे देणगीदार. बहुतेक नव्या संचालकांचं मन पहिल्या बाजूत असतं आणि वेळ तिसऱ्या बाजूला जातो. मधली बाजू एखाद्या तरुण प्लेसमेंट अधिकाऱ्यावर सोपवलेली असते. ती बिचारी दिवसभर फोन करून कुठे जागा आहे का, एवढंच विचारत राहते. माझं ठाम मत आहे की संस्थेचं यश-अपयश ठरतं ते या मधल्या बाजूवर, आणि ते काम संचालकाने स्वतःच्या हातात ठेवायला हवं. तुम्ही मनुष्यबळ विभागातून येताय, म्हणजे ही बाजू तुम्हाला आतून माहीत आहे. समाजकार्य शिकून आलेल्या अनेकांकडे नेमकं हेच नसतं.

हे का महत्त्वाचं, ते प्रशिक्षणाच्या निवडीवरून कळतं. कुठलीही संस्था पाहा, शिवणकाम आणि ब्यूटी पार्लर हे दोन वर्ग हमखास सापडतील. त्या भागात शिंप्यांची किंवा पार्लरची मागणी आहे का, हे बहुतेक वेळा कोणी तपासलेलं नसतं. यंत्रं देणगीत मिळालेली असतात, शिकवणारी बाई ओळखीची असते, आणि बायकांना हेच जमतं असं विश्वस्तांना वाटत असतं. तीन महिन्यांनी प्रमाणपत्रं वाटली जातात, फोटो निघतात आणि बाई घरी परत जाते. उलट्या दिशेने चालणाऱ्या संस्था आधी मालकांकडे जातात. तुमच्याकडे कुठली जागा सतत रिकामी पडते, कुठल्या कामावरून माणसं महिन्याभरात सोडून जातात, त्या कामाला खरोखर काय यावं लागतं, हे विचारून मग वर्ग आखतात. हा विचार जुनाच आहे. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा आणि निराधार स्त्रियांना शिक्षिका आणि परिचारिका म्हणून तयार केलं. शाळा आणि रुग्णालयं वाढत होती आणि त्यांना शिकलेल्या स्त्रिया हव्या होत्या. दया होतीच, पण त्या दयेला मागणीचा आधार होता.

मालकाशी बोलताना एक पथ्य पाळा. ‘बिचाऱ्या गरजू बायका आहेत, जरा सामावून घ्या’ असं कधीही म्हणू नका. अशाने एक-दोन जागा मिळतात, पण मालकाच्या लेखी त्या बाईची किंमत पहिल्या दिवसापासून कमी होते आणि पहिल्या चुकीला तिला घरी पाठवलं जातं. त्याच्या अडचणीवर बोला. एक माणूस सोडून गेला की नवा शोधणं, शिकवणं, तोवर काम अडणं यात किती खर्च होतो, हे तुम्हाला त्याच्यापेक्षा चांगलं मांडता येईल. आणि एका ठिकाणी एकच बाई पाठवण्यापेक्षा दोघी-तिघींना एकाच पाळीत पाठवा. येण्याजाण्याला सोबत होते, एकीला कामावर टोमणा बसला तर ऐकून घेणारं कोणीतरी असतं, आणि एकीचं मूल आजारी पडलं तर निरोप पोचवायला दुसरी असते. एवढ्याशा बदलाने किती जणी टिकतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

कारखान्यात किंवा गोदामात भेटीला गेलात की केबिनमध्ये बसून परत येऊ नका. पाळी सुटते त्या वेळी फाटकापाशी उभ्या राहा. बाहेर पडणाऱ्यांत बायका किती, फाटकापासून बसथांब्यापर्यंत उजेड आहे का, स्वच्छतागृह कामाच्या जागेपासून किती लांब आहे आणि तिथे जायला परवानगी मागावी लागते का, सुपरवायझर माणसांना कशी हाक मारतो, जादा वेळ थांबायचं असेल तर आदल्या दिवशी सांगतात की सुट्टी व्हायच्या दहा मिनिटं आधी. या गोष्टी कुठल्याही करारपत्रात नसतात, पण बाई टिकणार की नाही हे त्याच ठरवतात.

एक उदाहरण देते. पॅकिंगच्या कामाला लागलेली एक बाई, हात चलाख, सुपरवायझर खूश. तिसऱ्या आठवड्यात तिने येणं बंद केलं. मालकाच्या नोंदीत कारण लिहिलं होतं: न सांगता गैरहजर. आमची समुपदेशक घरी गेली तेव्हा कळलं की त्या ठिकाणी फोन फाटकावरच जमा करावा लागतो. तिच्या मुलाला फिट्स येतात, आणि शाळेला काही कळवायचं झालं तर आठ तास तिच्यापर्यंत पोचायचा मार्गच नव्हता. ती आठ तास त्या धास्तीत काम करत होती, शेवटी धीर सुटला. उपाय साधा निघाला. सुरक्षारक्षकाच्या टेबलावरच्या फोनचा नंबर शाळेला दिला आणि निरोप आला की लगेच तिला कळवायचं, असं सुपरवायझरकडून कबूल करून घेतलं. ती परत कामावर गेली. पुढे मालकाने तोच नियम सगळ्यांसाठी केला. तिला ‘आत्मविश्वास वाढवा’ या विषयावरच्या आणखी एका कार्यशाळेत बसवलं असतं तर काहीही झालं नसतं.

यातूनच मी या कामाबद्दल मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टीकडे येते. नोकरी लागणं हा कामाचा मध्य आहे. संस्था तो शेवट धरतात, कारण अहवालात तोच आकडा मागितला जातो. प्रत्यक्षात खरी पडझड रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत होते, आणि तिचं पहिलं कारण पैसा असतं. महिन्याच्या सुरुवातीला रुजू झालेल्या बाईच्या हातात पहिला पगार पुढच्या महिन्यात पडतो. त्या पाच-सहा आठवड्यांत रोजचं प्रवासभाडं, मुलाला सांभाळणाऱ्या शेजारणीचे पैसे, कामाचे बूट, बँक खात्याची कागदपत्रं असा सगळा खर्च तिच्या अंगावर येतो, आणि आधीची रोजंदारी तर बंद झालेली असते. म्हणजे चांगली नोकरी लागल्यावर घर आधीपेक्षा जास्त तंगीत जातं. मग सासू म्हणते, काय उपयोग त्या नोकरीचा. माझ्या मते प्रत्येक संस्थेकडे या पहिल्या पगारापर्यंतच्या काळासाठी वेगळा निधी असलाच पाहिजे. रक्कम फार मोठी लागत नाही, पण दर बाईमागे ती अंदाजपत्रकात धरलेली हवी. पहिली पगारपावती आली की समुपदेशकाने तिच्याशेजारी बसून ती ओळ न ओळ वाचावी: काय कापलं, का कापलं, जादा वेळेचे पैसे धरले का. अनेकींना पहिल्यांदा कळतं की ठरलेला पगार आणि हातात आलेला पगार यांत फरक का आहे. तो खुलासा झाला नाही तर आपल्याला फसवलं अशी भावना मनात राहते, आणि कधीकधी खरंच फसवलेलं असतं.

दुसरं कारण सांभाळ. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार मुलं, वृद्ध किंवा आजारी माणसं सांभाळण्याच्या जबाबदारीमुळे जगभरात सुमारे ७० कोटी ८० लाख स्त्रिया श्रमबाजाराबाहेर आहेत. याच कारणाने बाहेर असलेले पुरुष सुमारे ४ कोटी. हा फरक एकदा नीट मनात बसला की पाळणाघर ही सोबतची सोय राहत नाही, कार्यक्रमाचा गाभा होतो. केनियातल्या नैरोबी शहराच्या कोरोगोचो या गरीब वस्तीत संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून काही मातांना पाळणाघराचा खर्च दिला, काहींना दिला नाही. ज्यांना दिला त्यांच्यात कामावर असणाऱ्यांचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं. कौशल्य तेच, बाजार तोच, स्त्रिया त्याच वस्तीतल्या. बदललं एवढंच की मूल कुठे ठेवायचं याचं उत्तर मिळालं. तुमच्या भावी संस्थेत प्रशिक्षणाच्या वेळेत पाळणाघर आहे आणि नोकरी लागल्यावर नाही, असं आढळलं तर तो पहिला बदल करा. प्रशिक्षणापुरती सोय असेल तर ती बाई संपलेल्या सोयीवर नोकरी सुरू करते.

आता आकड्यांबद्दल, कारण संचालक म्हणून तुमच्यावर सर्वांत जास्त दबाव इथेच येईल. एखादी संस्था सांगते, आमच्याकडच्या ८५ टक्के स्त्रियांना नोकरी लागली. तुमचा पहिला प्रश्न असा हवा: कोणापैकी ८५ टक्के? नाव नोंदवलेल्या सगळ्या जणींपैकी, वर्ग पूर्ण केलेल्यांपैकी, की ‘नोकरीसाठी तयार’ असा शिक्का मिळालेल्यांपैकी? शंभर जणींनी नाव नोंदवलं, चाळीस जणींनी वर्ग पूर्ण केला आणि त्यांतल्या चौतीस जणींना काम लागलं, तर तो ८५ टक्क्यांचा आकडा खरा असूनही उरलेल्या साठ जणींबद्दल एक शब्द सांगत नाही. त्या साठ जणीच बहुधा सर्वांत अडचणीत असतात.

यापेक्षा खोल धोका म्हणजे निवडीचा. प्लेसमेंटच्या आकड्यावर पैसे मिळू लागले की संस्था नकळत ज्यांना असंही काम मिळालं असतं अशाच स्त्रिया घेऊ लागतात. दहावी झालेली, मूल मोठं असलेली, घरून पाठिंबा असलेली बाई मुलाखतीत पुढे जाते. निरक्षर, तुरुंगातून सुटलेली, व्यसनातून उठलेली किंवा मानसिक आजाराचा इतिहास असलेली बाई ‘सध्या योग्य नाही’ ठरते. अमेरिकेत १९८२ च्या रोजगार प्रशिक्षण कायद्याखाली स्थानिक केंद्रांना अशाच अल्पकाळच्या निकालांवर बक्षीस मिळत असे. अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या व्यवस्थेचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यांना आढळलं की ते अल्पकाळचे आकडे आणि माणसांना दीर्घकाळात झालेला खरा फायदा यांचा मेळ फारसा बसत नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण मला वाटतं अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओ शहरातलं प्रोजेक्ट क्वेस्ट. १९९२ मध्ये तिथल्या वस्त्यांमधल्या संघटनांनी ते उभं केलं. कमी उत्पन्नाच्या प्रौढांना, ज्यांत मोठा वाटा स्त्रियांचा होता, ते स्थानिक महाविद्यालयांतून आरोग्यसेवेसारख्या क्षेत्रांचं शिक्षण पूर्ण करायला मदत करतं. फी, कच्च्या गणिताची तयारी, आणि दर आठवड्याला समुपदेशकासोबत बैठक. त्याची चाचणी झाली तेव्हा सुरुवातीच्या काळात क्वेस्टमधल्या लोकांची कमाई बाहेर राहिलेल्यांपेक्षा कमी होती. साहजिकच होतं, ते शिकत होते. पण पुढे चित्र उलटलं आणि नवव्या वर्षीही त्यांची कमाई जास्त असल्याचं दिसलं. पहिल्या वर्षाच्या आकड्यावर निकाल लावणाऱ्या देणगीदाराने हा कार्यक्रम बंद केला असता.

म्हणून माझ्या हाताखाली मी नोंद ठेवायला लावते ती रुजू झाल्यापासून तीस, नव्वद, एकशेऐंशी आणि तीनशे पासष्ट दिवसांची, आणि छेदस्थानी नाव नोंदवलेल्या सगळ्या जणी. सोबत पगार, आणि नोकरी सोडली असेल तर का सोडली. जास्त पगारासाठी सोडली असेल तर ते यशात मोडतं. नवऱ्याने सोडायला लावली, सुपरवायझरने त्रास दिला, पाळी बदलली, ही कारणं वेगवेगळी लिहायची, ‘वैयक्तिक कारण’ हा रकाना बंद. वर्षाच्या शेवटी ती कारणं एकत्र वाचली की पुढच्या वर्षी काय करायचं याचा निम्मा आराखडा हाताशी येतो. देणगीदाराला असा आकडा दाखवताना छाती धडधडते, कारण तो शेजारच्या संस्थेच्या ८५ टक्क्यांपुढे लहान दिसतो. पण तो कसा काढला हे समजावून सांगितलं तर चांगले देणगीदार थांबतात, आणि त्यांचाच पुढे अनेक वर्षं आधार होतो.

संस्थांचे प्रकारही समजून घ्या, कारण तुमची वाट त्यावरून ठरेल. प्रशिक्षण देऊन दुसऱ्याकडे नोकरी लावणं हा एक मार्ग. दुसरा, संस्थेने स्वतःच उद्योग चालवणं. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात बेघर स्त्रियांना दिवसा आसरा देणाऱ्या एका निवाऱ्यात स्वयंसेवक असलेल्या जॉसी आयर यांनी १९८९ मध्ये ५०० डॉलरच्या कडधान्यांपासून सुरुवात केली आणि बेघर स्त्रियांना सूपची पाकिटं भरायचं काम दिलं. त्यातून विमेन्स बीन प्रोजेक्ट उभा राहिला. तिथे स्त्रिया काही महिने पगारी काम करतात, वेळेवर येण्याची, सहकाऱ्यांशी जुळवून घेण्याची सवय होते, आणि मग बाहेरच्या नोकरीकडे जातात. ज्या स्त्रीला कोणी मालक दारात उभी करणार नाही तिच्यासाठी हा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. पण इथे संचालकाला दोन जीव सांभाळावे लागतात. माल विकला गेला पाहिजे, आणि नेमकी काम शिकलेली बाई तुम्ही आनंदाने दुसरीकडे पाठवली पाहिजे. धंद्याला तिची गरज असते तेव्हाच ती जायला तयार होते.

तिसरा मार्ग संघटनेचा. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत ‘सेवा’ ही स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांची संघटना स्थापन केली तेव्हा नोंदणीलाच अडचण आली होती. या बायकांना मालकच नाही, मग कामगार संघटना कशाची, असा सरकारी आक्षेप होता. तो ओलांडून संघटना नोंदली गेली आणि १९७४ मध्ये सदस्यांच्या प्रत्येकी १० रुपयांच्या भागभांडवलातून सेवा बँक सुरू झाली. डोक्यावर ओझी वाहणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, घरी बसून विड्या वळणाऱ्या या स्त्रिया आधीपासूनच दिवसभर राबत होत्या. त्यांना ‘कामाला लावण्याची’ गरज नव्हती, त्यांच्या कामाला भाव आणि संरक्षण हवं होतं. तुमच्या संस्थेत येणारी बाई खरोखर बेकार आहे की कमी मोलाचं काम करतेय, हे आधी पाहा. दुसरं असेल तर प्रशिक्षणाच्या वर्गाने तिचा प्रश्न सुटत नाही.

हिंसेबद्दल थोडं स्वतंत्रपणे लिहायला हवं, कारण कंपनीच्या जगातून येणाऱ्यांना याचा अंदाज नसतो. छळ करणाऱ्या नवऱ्याला किंवा जोडीदाराला बाईच्या कमाईची भीती वाटते. मुलाखतीच्या आदल्या रात्री भांडण काढणं, ओळखपत्र लपवणं, कामावर पुन्हा पुन्हा फोन करून तिला लाज आणणं, मूल सांभाळतो म्हणून सांगून ऐनवेळी गायब होणं हे सगळं ठरवून केलं जातं. मुलाखतीला न आलेली बाई बेजबाबदार आहे असं समजून तिचं नाव कापू नका. काय झालं ते विचारा. घरातल्या हिंसेचा कामाच्या जागेवर परिणाम होतो, हे आता आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या करारातही मान्य झालं आहे, आणि मालकाशी बोलताना त्याचा आधार घेता येतो. गोपनीयता मात्र कडक ठेवा. तिची गोष्ट मालकाला किती सांगायची, हे तिनेच ठरवायचं. अहवालासाठी, कार्यक्रमासाठी तिचा फोटो, ती कुठे काम करते, कुठल्या वेळेला सुटते, हे कधीही छापू नका. देणगीदाराने ‘एक हृदयस्पर्शी कहाणी’ मागितली तरी नाही म्हणायचं. आणि काम मिळवून दिल्याबद्दल बाईकडून एक पैसाही घ्यायचा नाही. कामगारांकडून शुल्क घेऊ नये हे तत्त्व १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात आहे, पण तो नसता तरी आपण घेतलं नसतं.

पैशाची बाजू रटाळ वाटते, तरी संचालक होणाऱ्याने ती स्वतः शिकावी, हिशेबनिसावर सोडू नये. बांधील निधी आणि मोकळा निधी यांतला फरक बोटांवर असायला हवा. एका प्रकल्पासाठी आलेला पैसा दुसरीकडे वळवता येत नाही, आणि मोठमोठे प्रकल्प असलेल्या संस्थाही मोकळा पैसा नसल्यामुळे कर्मचाऱ्यांचे पगार थकवतात. किमान तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी नसेल तर एका देणगीदाराच्या एका उशिराने सगळं डळमळतं. प्रशासकीय खर्च कमी म्हणजे संस्था चांगली, हा समज अजून फार पक्का आहे. २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या, अमेरिकेत सेवाभावी संस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या तीन मोठ्या नावांनीच देणगीदारांना जाहीर पत्र लिहून सांगितलं की या एका टक्केवारीवर संस्था जोखू नका. ते पत्र विश्वस्तांना वाचायला द्या. रुजू झालेल्या बाईला वर्षभर फोन करणारी समुपदेशक कागदावर ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून दिसते, आणि कपात आली की सर्वांत आधी तीच जाते.

आपल्या कर्मचाऱ्यांकडेही पाहा. स्त्रियांना चांगल्या पगाराचं काम मिळावं म्हणून झटणाऱ्या संस्थांमध्ये काम करणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात, आणि त्यांचे करार एकेका वर्षाचे, पगार तुटपुंजे. हे मला असह्य वाटतं. समुपदेशकाकडे इतकी प्रकरणं असू नयेत की तिला नावं आठवणार नाहीत. रोज मारहाणीच्या, उपासमारीच्या गोष्टी ऐकणाऱ्या माणसाला मन मोकळं करायला ठरलेली वेळ आणि जाणती वरिष्ठ व्यक्ती लागते, ती सोय अंदाजपत्रकात धरा. संस्थेतून शिकून गेलेल्या स्त्रियांना पुढे कर्मचारी म्हणून जरूर घ्या. वर्गात बसलेल्या नव्या बाईवर त्यांच्या शब्दाचा जो परिणाम होतो तो तुमच्या-माझ्या भाषणाचा होत नाही. पण त्यांना वर चढायची वाट ठेवा, आणि विश्वस्त मंडळात त्यांच्यापैकी किमान दोघी असाव्यात. एकटी असली की ती गप्प बसते.

आता तुमच्या वाटेबद्दल. समाजकार्याची पदवी उपयोगी असते, अट नसते. त्याऐवजी समुपदेशनाचा एखादा चांगला, देखरेखीखाली सराव असलेला अभ्यासक्रम करा, कामगार कायदे स्वतः वाचा आणि संस्थेचा ताळेबंद वाचायला शिका. थेट संचालक म्हणून येऊ नका. बाहेरून येऊन वरच बसलेल्या माणसाला खाली काय चाललंय ते कोणी सांगत नाही. मी तुमच्या जागी असते तर आधी मालकांशी संबंध सांभाळणाऱ्या पदावर गेले असते, कारण तिथे तुम्ही पहिल्या महिन्यापासून उपयोगी पडाल, आणि सोबत रुजू झालेल्या स्त्रियांच्या पाठपुराव्याचं काम मागून घेतलं असतं. दोन-तीन वर्षांनी एखाद्या कार्यक्रमाची पूर्ण जबाबदारी घ्या, ज्यात अंदाजपत्रक आणि निधी उभा करणं दोन्ही असेल. त्यानंतर लहान संस्थेचं प्रमुखपद, मग मोठ्या. कंपनीतली घाई मात्र बाहेर ठेवावी लागेल. मुलाखतीत ‘मधली चार वर्षं काय करत होतात’ हा प्रश्न तुम्ही सहज विचारला असेल. इथे त्या चार वर्षांत काय असू शकतं ते कळेल, आणि तो प्रश्न कसा विचारायचा हेही पुन्हा शिकावं लागेल.

पगार कंपनीपेक्षा कमी मिळेल, याची घरी आधीच चर्चा करून ठेवा. तरीही घासाघीस करा. संचालक कमी पगारावर आली की पुढच्या सगळ्यांचे पगार तिथेच अडकतात.

नोकरी सोडण्याआधी एखाद्या संस्थेत आठवड्यातला एक दिवस पाठपुराव्याचे फोन करायला द्या. पहिल्या पगाराच्या आसपासच्या आठवड्यात मुद्दाम जा. आणि पुढे कधी संचालकपदासाठी बोलावणं आलं, तर होकार देण्याआधी मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा, त्यांत मोकळा निधी किती आणि गंगाजळी किती महिने पुरेल ते पाहा. आधीची संचालक का गेली हे विश्वस्तांना विचारा, आणि जमलं तर तिलाही फोन करा. मागच्या वर्षी किती कर्मचारी सोडून गेले, ते विचारा. एक दिवस वर्गात मागे बसू द्या म्हणावं. मंडळाचे अध्यक्ष रोजच्या कामात किती हात घालतात, कोणाला कामावर घ्यायचं आणि काढायचं याचा शेवटचा शब्द कोणाचा, हे लेखी घ्या. विश्वस्तांनी हे सांगायला टाळाटाळ केली तर ती जागा सोडून द्या, दुसरी मिळेल.